‘कुळागर’: 75 कॅसेटींच्या प्रकल्प नोंदी

9 फेब्रुवारी, फोंडा

कॅसेटवर शिक्कामोर्तब झालं. ताईचे सात तुकडे, दोन बाजू, दर बाजूला साधारण 20 मिनिटं. ताई म्हणजे माझी मावसबहीण. हार्मोनियमवर हात तयार झाला, आता सिंथवर, म्हणजे सिंथेसायझरवर, रमलीय. ध्वनिमुद्रण आणि पुढची सगळी उस्तवार माझ्याकडे. नाव तूर्तास ‘कुळागर’, म्हणजे आमच्याकडची सुपारीची बाग.

ताईला विनाइल, म्हणजे ग्रामोफोनची रेकॉर्ड, हवी होती, मोठं कव्हर मिळतं म्हणून. पण तिथे किमान नगांची अट आणि तेवढे पैसे अडकवायची आमची ऐपत नाही. दुसरं कारण मला जास्त पटतं. रेकॉर्डवर धूळ बसली की मध्येच टिक वाजते. कॅसेटची खरखर सलग असते, आणि सलग आवाजाला कान दोन मिनिटांत सरावतो. ताईचं संगीत इतकं हळू बोलणारं आहे की त्यात एक टिकसुद्धा दार आपटल्यासारखी वाटेल.

16 फेब्रुवारी

मामांच्या माळ्यावरून कॅसेट भरायचे दोन डेक खाली काढले. वरच्या बाजारात मामांचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. लोक गाण्यांची यादी घेऊन यायचे, शनिवारी टाकलेली कॅसेट बुधवारी मिळायची. जत्रांतली नाटकं, भजनं, घुमट या मडक्याच्या वाद्यावरच्या आरत्या, सगळं मामांनी भरलं. पुढे सीडी आली, मग मोबाइल, आणि दुकानात झेरॉक्स मशीन बसलं.

डेक उघडले तर आतले रबरी पट्टे चिकट काळा लगदा होऊन पुलीला बसलेले. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून ते खरवडण्यात दुपार गेली. नवे पट्टे घातले, टेप वाचणारे हेड पुसले, त्यांवर साचलेलं चुंबकत्व काढायला डीमॅग्नेटायझर फिरवला. मग 3150 हर्ट्झचा सूर भरला आणि परत वाजवून पाहिला. वेगातली डळमळ याच सुरावर मोजतात. पहिल्या डेकवर सूर स्थिर. दुसऱ्यावर तो हळूहळू वर-खाली झुलत होता.

मामा म्हणाले, “आमच्या वेळी हा डेक एक नंबर होता रे. भजनं भरली याच्यावर, नाटकं भरली, एक तक्रार आली नाही.”

ते खरंच असणार. मृदंग आणि टाळ चालू असताना वेग जरासा हलला तर कुणाच्या बापाला कळत नाही. ताई मात्र एकेक सूर आठ-दहा सेकंद धरून ठेवते आणि मागे काहीच नसतं. वेगात एक टक्का फरक पडला की सूर सुमारे 17 सेंट सरकतो, म्हणजे अर्धस्वराचा सहावा हिस्सा. तो सगळा उघड्यावर येतो. शांत संगीत भरायला सोपं असेल असं बाहेरच्याला वाटतं. प्रत्यक्षात यंत्राची खरी परीक्षा तेच घेतं.

दोष पिंच रोलरचा, म्हणजे टेप दाबून पुढे सरकवणाऱ्या रबरी चाकाचा निघाला. रबर कडक होऊन त्यावर चकाकी चढलीय, टेप मध्येच घसरते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ओळखीच्या दुकानदाराला मोजमाप पाठवलं.

1 मार्च, सावईवेरे

सकाळी सहाला माइक घेऊन कुळागरात. सुपारीच्या रांगा, त्यांवर चढवलेली मिरी, मध्ये केळी, आणि पायाशी पाटाचं पाणी. पाटाचा आवाज वाटला होता त्यापेक्षा खूप मोठा. माइक पाण्यापासून दूर नेला की पाणी उरत नाही, नुसता सूं असा फुसकारा उरतो, आणि तो कॅसेटच्या खरखरीत विरघळून जाणार. म्हणून पाण्याला जिथे वळण आहे आणि ते दगडाला लागून गुळगुळतं, त्या जागी वीतभर अंतरावर माइक धरला. त्या आवाजाला स्वतःचा आकार आहे.

तांबट पक्षी आठच्या सुमाराला सुरू झाला. त्याची टुकटुक इतकी नेमकी की घरी येऊन मोजली, मिनिटाला 110च्या आसपास भरली. ताईने त्याची निम्मी लय घेतली, 55. दुसऱ्या तुकड्याची गती आता तीच.

येताना केरीवरून आलो. गायिका केसरबाई केरकरांचं गाव, त्यांच्या नावाची शाळा रस्त्यावरून दिसते. त्यांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर गेली. सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी, मिनिटाला 16⅔ फेरे. अवकाशात गेलेल्या प्रती दोनच. मर्यादित आवृत्ती म्हणावी तर अशी. ताईला म्हटलं, आपण 75 काढतोय म्हणजे आपलं फारच बाजारू काम झालं.

8 मार्च, रायबंदर

चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीचं इंजिन भरलं. धक्क्याला लागून ती थांबते, गाड्या चढतात, तेव्हा इंजिन एका संथ गुरगुरीवर येतं. कॉन्टॅक्ट माइक लोखंडी कठड्याला चिकटवला. बोटीवरच्या माणसाने दोनदा येऊन विचारलं, ‘हें कितें?’ सांगितल्यावर त्याने शेजारच्या मोटरसायकलवाल्याला हॉर्न वाजवू नको म्हणून दरडावलं. देव बरें करूं.

घरी विश्लेषक लावला. मूळ सूर 68 हर्ट्झ. काळी एकपेक्षा सुमारे 33 सेंट खाली, म्हणजे ना धड काळी एक, ना पांढरी एक. संगणकात फेरीबोट वर खेचून सुरात बसवणं दोन मिनिटांचं काम. ताई तयार होईना. म्हणाली, बोट आहे तिथेच राहू दे, मी खाली येते. सिंथचं ट्यूनिंग 33 सेंट उतरवलं आणि चौथा तुकडा बोटीच्या पट्टीत वाजवला. हार्मोनियमच्या पट्ट्या काही हलत नाहीत, त्यामुळे त्या तुकड्यातून हार्मोनियम गेली. मला तो तुकडा आता जास्त आवडतो, हार्मोनियम त्यात उगाच रडत होती.

16 मार्च

शिगमो, गोव्याचा शिमगा. ढोल-ताशे रात्रभर. मुद्रण बंद.

22 मार्च

पाचव्या तुकड्यात घुमट. शेजारच्या वाड्यावरच्या आरती मंडळातला मुलगा वाजवायला आला. 2019 साली सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. पूर्वी घुमटावर घोरपडीचं कातडं चढवत. वन्यजीव कायद्याने ते बंद आहे, आता बकरीचं. मामांच्या मते नाद पडला. असेल. पण आमच्या कामाला बकरीचं कातडंच बरं, ठोक्याची धार कमी आहे.

खरी गंमत डाव्या हाताची. मडक्याच्या मागच्या तोंडावर तळहात मिटला-उघडला की आवाज आतल्या आत वाकतो. ताईने त्या मुलाला ठोका न मारता नुसता तळहात कसा हलतो ते पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावलं, आणि सिंथच्या बेसचा फिल्टर हाताने त्याच चालीने फिरवला. शेवटी ठेवलं ते असं: घुमट फक्त चार वेळा, बाकी सगळा वेळ सिंथच घुमटासारखा उघडतो-मिटतो.

कॅसेटमुळे यातही एक अडचण आहे. टेप गुंडाळलेली असते, एक थर दुसऱ्याला टेकलेला. मोठ्या आवाजाचा चुंबकीय ठसा शेजारच्या थरावर पुसटसा उमटतो, आणि मग घुमट वाजायच्या आधीच्या शांततेत त्याचं भूत ऐकू येतं. जाड टेपवर हे कमी होतं, पातळ टेपवर जास्त. म्हणूनच जुने लोक 120 मिनिटांच्या कॅसेटला हात लावत नसत. पहिल्या घुमटाआधी ताईने पूर्ण शांतता ठेवली होती. तिथे आता सिंथचा एक लांब षड्ज पसरून ठेवलाय, भूत त्याच्याखाली दडतं. ऐकणाऱ्याला वाटेल ही रचना. असू दे.

30 मार्च

सिंथ आजारी. ऐंशीच्या दशकातला जपानी, सहा आवाजांचा, मडगावच्या एका हॉटेलातल्या वाद्यवृंदातून सेकंडहँड आलेला. दर सहावा सूर फाटतो. हे यंत्र दाबलेल्या पट्ट्या सहा चिपांमध्ये आळीपाळीने वाटतं, त्यातली एक चिप गेली आहे. भराभर वाजवलं तर कळणारही नाही. ताईसारखं एकेक सूर मोजून ठेवणाऱ्या माणसाला दर सहाव्याला कपाळाला हात लावावा लागतो. चिप मागवून, बदलून, सगळे आवाज पुन्हा जुळवून होईपर्यंत दोन तुकडे लांबणीवर.

13 एप्रिल

घरी पाहुणे. एकाने विचारलं, काय करता? इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: हणजूणला वाजवता का? गोव्यात हे दोन शब्द एकत्र उच्चारले की माणसाला ट्रान्स, समुद्रकिनारा आणि पोलीस एवढंच आठवतं. दुसरे एक काका म्हणाले, हे सगळं तिकडचं, आपलं नव्हे. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत 1969 साली मूग कंपनीचा सिंथ आला, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्युडरने तिथे स्टुडिओ उभा करून दिला आणि आपल्या लोकांनी त्यावर कामं केली. मुंबईच्या सिनेमातल्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजीत सिंगांनी 1982 साली रोलंडच्या यंत्रांवर राग वाजवून रेकॉर्ड काढली. हे सांगायला गेलो तर काकांनी आमरसाचा विषय काढला. तोही बरोबरच होता.

19 एप्रिल

मास्टरिंग, म्हणजे आवाजाची शेवटची जुळणी. इंटरनेटवरच्या प्रतीसाठी एक, कॅसेटसाठी वेगळं. स्पॉटिफाय आवाज सुमारे उणे 14 लफ्सला (हे आवाजाची पातळी मोजायचं एकक) आणतं, म्हणून जो तो तिथवर दाबून भरतो. आम्ही उणे 18वर थांबलो. त्याहून वर नेलं तर पाटाचं पाणी आणि ताईचा सिंथ एकाच उंचीवर येतात आणि सगळं सपाट होतं.

कॅसेटसाठी उलट काळजी. फार हळू भरलं तर खरखर वर येते, फार मोठं भरलं तर टेप वरचे सूर गिळते, तांबट बोथट होतो. साधी फेरिक टेप आहे. तिसऱ्या तुकड्याचा शेवट दोन डेसिबलने उचलला, बाकी हात लावला नाही. डॉल्बी, म्हणजे डेकमधली खरखर कमी करायची सोय, वापरायची नाही असं ठरलं. भरताना डॉल्बी लावली आणि ऐकणाऱ्याच्या यंत्रावर ती नसली तर आवाज तीक्ष्ण येतो, आणि आज कुणाकडे कसला टेपरेकॉर्डर असेल याचा भरवसा नाही. मामांचा याला कडवा विरोध. “खरखर ठेवून कॅसेट विकणार? गिऱ्हाईक परत आणून देईल.” मामा, हे गिऱ्हाईक खरखरीचेच पैसे देतं.

27 एप्रिल

कोऱ्या कॅसेटी आल्या. बाजूला 21 मिनिटं, म्हणजे सेकंदाला 4.76 सेंटिमीटरने साधारण 60 मीटर टेप. उगाच 60 मिनिटांची घेऊन शेवटी दहा मिनिटं कोरी सोडायची नव्हती.

संख्येवर पुन्हा चर्चा. ताईला शुभ म्हणून 108 हव्या होत्या. मी हिशेब मांडला. आठपट वेगाने भरणारी यंत्रं मिळतात, पण तिथे वरचे सूर बिघडतात आणि प्रत्येक प्रत ऐकून पाहायची पद्धत राहत नाही. आपण खऱ्या वेगाने भरणार, म्हणजे एका प्रतीला 40 मिनिटं, मग तपासणी. डेक दोन, माणसं दोन, तीही नोकरी सांभाळून संध्याकाळची, आणि जूनमध्ये हवा अशी ओली होते की टेपच्या कडेवर पांढरी बुरशी धरते. पावसाआधी नीट होतील तेवढ्या 75. लोकांना ‘मर्यादित’ म्हणजे विकायची क्लृप्ती वाटते, पुष्कळदा असतेही. आमच्याकडे ती दोन डेक आणि मान्सून यांची बेरीज आहे.

4 मे

भरायला सुरुवात. आधी दोन्ही डेकच्या हेडचा कोन जुळवला. 10 किलोहर्ट्झचा सूर लावायचा, डावं-उजवं एकत्र करायचं, आणि हेडचा बारीक स्क्रू केसभर फिरवत आवाज सगळ्यांत उजळ होईल तिथे थांबायचं. हे काम मामांनी केलं. चष्मा कपाळावर, डोळे मिटलेले, स्क्रूड्रायव्हर दोन बोटांत. मी मीटर बघत होतो. ते थांबले तेव्हा काटा जिथे हवा तिथेच होता.

वहीत प्रत्येक प्रतीपुढे डेक ‘अ’ की ‘आ’ ते लिहितो. तपासणी पूर्ण कॅसेटची नाही, तीन जागांची: पहिल्या बाजूच्या शेवटचा लांब सूर, पहिला घुमट, फेरीबोट. या तीन जागा पार पडल्या की प्रत पास.

11 मे

वीज. वळवाच्या सरी सुरू झाल्या आणि रोज संध्याकाळी ठरल्यासारखी जाते. अर्धी बाजू भरलेली असताना गेली की ती बाजू पुन्हा पहिल्यापासून. त्याहून वाईट म्हणजे वीज जात नाही, नुसती मंदावते: डेक चालू राहतो पण टेप हळू सरकते, त्यामुळे प्रत वाजवताना सूर वर चढतो, आणि समोर कुणी बसलेलं नसेल तर ती प्रत तशीच पुढे जाते. एकाने सतत समोर बसायचंच. ताईने त्या वेळात कोकमाच्या बिया काढल्या.

17 मे

कव्हरं आली आणि बसेनात. पाठीची पट्टी जवळपास 13 मिलिमीटर लागते, छापखान्याने दहावर घडी मारून दिली. नमुना म्हणून खरी डबी देऊन आलो होतो, ती त्यांच्या टेबलावर तशीच होती. पुन्हा छापतो म्हणाले, पण पुढच्या महिन्यात. मजकूर घडीपासून लांब होता म्हणून वाचलो. मामांनी स्टीलची पट्टी आणि रिफिल संपलेलं बॉलपेन घेऊन एकेक घडी नव्याने पाडली. जुनी घडी पुसट दिसते. उजेडात तिरकं धरलं तर दोन रेषा.

24 मे, बांदोडे

ताईच्या घरी राजांगणात ऐकायला लोकांना बोलावलं. संध्याकाळी सात ते साडेआठ. वर आभाळ भरलेलं, म्हणून स्पीकर ओसरीत. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा 2000 सालच्या नियमांतला दंडक गोव्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे. शेजारच्या आजी दुपारीच विचारून गेल्या होत्या, पार्टी किती वाजेपर्यंत? रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे. फोनवर मोजलं तर आम्ही त्याच्याही खाली होतो. आजी आठ वाजता पुन्हा आल्या, सुरू कधी होणार ते विचारायला.

पहिल्या बाजूनंतर कॅसेट उलटायला गेलो तेव्हा गप्पा सुरू झाल्या आणि दुसरी बाजू दहा मिनिटं उशिरा लागली. मला तेच हवं होतं. सलग चाळीस मिनिटं कुणाला असं संगीत ऐकवणं हा जुलूम आहे. मध्ये उठून पाणी प्यावं, चणे खावेत. घुमटवाल्या मुलाने आपला ठोका आला तेव्हा मान हलवली आणि शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. ज्यांना आवडलं नाही ते लवकर उठून गेले, फेणी मात्र पिऊन.

किंमत 600 रुपये ठेवली. निम्म्या प्रती तिथेच गेल्या.

1 जून

उरलेल्या पाठवतोय. प्रत्येक पाकिटात सिलिका जेलची पुडी. विमानतळावरच्या एक्स-रेने कॅसेट पुसली जाईल का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. नाही. टेपला धोका चुंबकाचा, एक्स-रेचा नव्हे. स्पीकरवर ठेवू नका, फ्रिजच्या दारावरच्या चुंबकांना लावू नका, आणि ठेवताना पूर्ण गुंडाळून ठेवा. हे छोट्या चिठ्ठीवर छापून घातलं.

घेणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांकडे टेपरेकॉर्डर नाही. कॅसेट शेल्फवर राहणार आणि ऐकणार फोनवर, सोबतच्या डाउनलोड कोडवरून. मामांना हे अजिबात पटत नाही, मला फारसं खुपत नाही. फक्त फोनवरच्या प्रतीत चौथा तुकडा ऐकून ‘सूर उतरलाय, फाइल तपासा’ असं कळवणाऱ्यांना दर वेळी फेरीबोटीची गोष्ट सांगावी लागते.

8 जून

पाऊस लागला. डेक प्लास्टिकमध्ये गुंडाळून, रिकामे ठेवून, पिंच रोलर सुटा करून माळ्यावर. 75 संपल्या. मुंबईहून आणि पुण्याहून दुसऱ्या आवृत्तीची विचारणा आहे. ताईशी बोललो, काढायची नाही. इंटरनेटवर सगळं ऐकता येतं, आणि तिचे नवे तुकडे सुरू झालेत. त्यांत पाऊस नको असं मी आधीच बजावलंय, कारण त्याचा फुसकारा टेपवर उरत नाही.

खराबी धरून जास्त मागवलेल्या काही कोऱ्या कॅसेटी शिल्लक होत्या. त्या मामांनी मागून घेतल्या. श्रावणात वास्कोच्या सप्ताहाला जाऊन भजन भरायचंय म्हणतात, डॉल्बी लावून.